वरची काच

माझी धाकटी बहीण फोटोतून वस्तू काढते. संगणकावर नव्हे, हातांनी. मी कॅमेरा लावेपर्यंत ती चौकटीतलं कॅलेंडर उतरवते, वायर दिसेनाशी करते, प्लास्टिकची बादली उचलून दाराआड ठेवते आणि काम झालं की सगळं होतं तिथे परत आणून मांडते. मी सतरा वर्षं एका दैनिकात फोटोग्राफर होते. तिथे जे समोर असेल तेच काढायचं, हात लावायचा नाही. नोकरी सोडून मी जुन्या इमारतींचे फोटो काढायला लागले तेव्हा ती सोबत आली, आणि हात लावायचं काम तिचं झालं.

तिचा नियम एकच: आधी फोटो, मग हात. कुठलीही वस्तू हलवण्याआधी ती लहान कॅमेऱ्यानं तिचा जवळून एक फोटो घेते, म्हणजे परत ठेवताना बोटभरही फरक पडत नाही. त्यांना आम्ही खुणेचे फोटो म्हणतो. काम छापून आलं की पुसून टाकतो.

पाणचक्कीवर आम्ही सकाळी सात चाळीसला पोचलो. ओढ्याकाठी दगडी इमारत, बाहेरच्या अंगाला पुरुषभर उंचीचं लाकडी चाक, खाली पीठ दळायची दोन मोठी जाती, वर राहायची एक खोली. दारावरच्या दगडात कोरलेल्या सालावरून वय तीनशे अकरा वर्षं. खेड्यांतल्या जुन्या इमारतींचं एक मोठं पुस्तक निघणार होतं. संपादकांची अट होती की फोटोत नवं काही दिसता कामा नये.

"नवं काय दिसणार?" गिरणीवाले काका म्हणाले. "इथे सगळ्यात नवा मीच. मी त्रेसष्टचा." त्यांच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं. "ही म्हातारी तीनशे अकराची. हिला नटवायला तुम्ही दोघी कशाला हव्यात? रोज पावडर मी लावतोच."

काकू अंगणापलीकडच्या शेडमध्ये खाटेवर बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. वर चांगली खोली असताना शेडमध्ये का राहता, असं मी विचारलं.

"वर बंदी आहे आम्हाला," काकू म्हणाल्या. "चाकाकडच्या भिंतीला चीर गेलीय. गवंडी म्हणाला, तीन महिने खाली राहा, पाणी अर्धंच सोडा, मग बघू. त्याचे टेकू लावलेत आत."

"त्याचं ऐकून ऐकून मी अर्धं दळतो आणि अर्धा संसार करतो," काका म्हणाले, आणि पिठाची पोती गाडीवर घालून पोचवायला निघून गेले. एक वाजेपर्यंत येतो म्हणाले.

म्हणजे चीर आहे हे मला ठाऊक होतं. हे मी आधीच लिहून ठेवते.

दळायच्या खोलीतली चाकाकडची भिंत हीच आमची मुख्य जागा होती. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तुळईपर्यंत चीर गेली होती, काळी, नागमोडी, पिठानं कडा पांढऱ्या झालेली. चीर फोटोत छान दिसत होती. टेकू जुन्या लाकडाचे होते, तेही चालण्यासारखे होते. चालण्यासारख्या नव्हत्या त्या तीन काचपट्ट्या. बोटाएवढ्या लांब, चिरेवर आडव्या बसवलेल्या, प्रत्येकीवर लाल रंगानं तारीख.

"ताई, ह्या चमकतायत," बहीण म्हणाली. "पत्र्यासारख्या."

"काय आहे ते?"

"लेबल असेल कसलं तरी. तारखा आहेत."

"निघतील?"

"प्लास्टरवर बसवल्यात. पटाशीनं निघतील अलगद."

"काढ मग. मी तोवर चाकाचे घेते, तिकडचं ऊन जाईल."

मी वीस मिनिटं बाहेर होते. आत आले तेव्हा भिंत स्वच्छ होती. मी त्या कोपऱ्यातून चाळीस फोटो घेतले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हाच जाणार, असं मला तेव्हाच वाटलं.

साडेबाराला आवराआवर झाल्यावर ती हात पुसत माझ्याजवळ आली. "वरची तुटली गं एक. मी काही जोर नव्हता लावला. उचलली आणि दोन तुकडेच हातात आले."

"मग?"

"गाडीत फ्रेमची काच होती. कापून लावली. तारीख घातली तशीच, त्याच वळणात. नवं प्लास्टर जुनं दिसावं म्हणून चहाचं पाणी मारलं, वरून पिठाचा हात फिरवला."

मी जाऊन पाहिलं. तिन्हींत नवी कोणती ते मला ओळखता आलं नाही.

"काकांना सांगू ना?" तिनं विचारलं.

"दिसतंय का काही?"

"नाही."

"मग झाकली मूठ. उगाच तुझ्या कामाला बट्टा कशाला?"

एक वाजता काका आले. आम्ही त्यांच्याकडे चहा घेतला, काकूंना पायाचे व्यायाम विचारले आणि निघालो.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी दहा पन्नासला काकांचा फोन आला. मी तेव्हा त्याच फोटोंवर बसले होते. एकूण दोनशे बारा होते, त्यांतले नऊ निवडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छापखान्यात द्यायचे होते. बहीण पलीकडच्या टेबलावर पुठ्ठे कापत होती.

"बाई, आमच्या म्हातारीचा एक फोटो मोठा करून द्या हो. हिला वरच्या खोलीत लावायचाय. खिळापण ठोकून ठेवलाय मी."

"वर राहायला गेलात?"

"कालच! गवंड्यानं पास केलं आम्हाला. सकाळी आला, बघितलं, म्हणाला तीन महिने भरले, तिन्ही काचा शाबूत. टेकू काढून नेले त्यानं. पाणीसुद्धा पूर्ण सोडायची परवानगी. आज दोन्ही जाती एकदम लावतोय. म्हातारी कशी नाचते ते बघायला या."

"कसल्या काचा?" मी विचारलं.

"अहो, भिंतीवर नाहीत का? दिवसभर तिथेच तर होता तुम्ही. चिरेवर आडवी काच बसवून ठेवायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. गवंडी म्हणतो, माणूस खोटं बोलेल, भिंतही बोलेल, काच नाही बोलायची." मागून काकूंचा आवाज आला, वरून, कसलीतरी बाटली मागणारा. "आलो गं! ठेवतो बाई, पाणी सोडायचंय."

"काका, थांबा जरा—"

फोन बंद झाला होता.

मी खुणेच्या फोटोंचा कप्पा उघडला. पाणचक्कीचे असे त्रेपन्न होते. एक्केचाळिसावा वरच्या काचेचा होता. तो मी एकोणीस दिवसांत एकदाही उघडला नव्हता. उघडायचं कारणच नसतं. पडद्यावर तो चौपट केला.

काचेवर पिठाचा पातळ थर होता. त्या थरातून एक रेघ तिरपी गेली होती, केसाएवढी, वरपासून खालपर्यंत. लाल तारखेतला चारचा आकडा त्या रेघेवर येत होता. त्याचं वरचं अर्धुक एका जागी होतं आणि खालचं उजवीकडे सरकलेलं. आगपेटीच्या काडीच्या गुलाइतकं. काच बहिणीनं हात लावण्याआधी तुटलेली होती. नुसती तुटलेली नव्हती, तिचे दोन्ही तुकडे भिंतीबरोबर एकमेकांपासून दूर गेले होते.

मी बहिणीला हाक मारली की नाही ते आठवत नाही. ती माझ्या खांद्यामागे उभी होती.

"म्हणजे मी नाही तोडली!" ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर उजळला. मग तिनं हातातली पट्टी टेबलावर ठेवली, फार हळू, जणू तीही तुटेल. "ताई," ती म्हणाली, "ते वर झोपतात आता."

काकांचा फोन वाजत राहिला. चार वेळा लावला. एक जातं चालू असलं तरी त्या खोलीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, हे आम्ही त्या दिवशी काका निघण्याआधी अनुभवलं होतं, आणि आता दोन्ही चालू होती. काकूंचा नंबर आमच्याकडे नव्हता.

"गवंड्याचा आहे," बहीण म्हणाली. "दाराच्या चौकटीवर कोळशानं लिहिला होता. मी पुसून नंतर परत लिहिला. सातवा की आठवा फोटो बघ."

सातवा होता. अकरा वाजून नऊ मिनिटांनी गवंड्यानं फोन उचलला. मागे थापीचा आवाज येत होता.

"कोण?"

"आम्ही पाणचक्कीचे फोटो काढायला आलो होतो, त्या."

"मला नको फोटो."

"वरच्या काचेबद्दल बोलायचंय. चिरेवरची."

"ती शाबूत आहे. मी बघून आलोय."

"ती तुमची नाही. आम्ही लावलेली आहे."

थापी थांबली. मी त्याला सगळं सांगितलं, क्रमानं, बातमी फोनवरून सांगतात तसं: काय काढलं, काय तुटलेलं होतं, काय लावलं, कधी. मध्ये त्यानं एकदाच विचारलं, "किती सरकलेली?"

"काडीच्या गुलाइतकी."

"एकोणीस दिवसांपूर्वी?"

"हो."

 तो म्हणाला, "बाई, त्या काचेच्या भरवशावर मी वहिनीला वर चढवलंय. माझ्या हातानं. एकेक पायरी."

त्यानं फोन ठेवला नाही, खिशात टाकला असावा. मोटरसायकल सुरू झाल्याचं मला ऐकू आलं.

आम्हीही निघालो. रस्ता पन्नास मिनिटांचा. बहीण मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून बसली होती, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "चहाचं पाणी कशाला मारलं मी? तशीच पांढरी ठेवली असती तर त्याला दिसली असती."

"तू मला विचारलं होतंस," मी म्हटलं.



बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही अंगणात शिरलो. मोटरसायकल आडवी पडली होती. काकू अंगणाच्या मध्यावर एका खुर्चीवर बसल्या होत्या, पाय पुढे ताठ, पायात चपला नाहीत. गवंड्यानं त्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं होतं. तो पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. अजून धापा टाकत होता. काका त्याच्यापुढे उभे राहून ओरडत होते.

"शाबूत आहे म्हणतो ना मी! माझ्या डोळ्यांनी बघतोय रोज. चल आत, दाखवतो!"

"दादा, आत जायचं नाही."

"माझ्या गिरणीत मला बंदी? तूच म्हणालास काच खोटं बोलत नाही!"

गवंड्यानं खिशात हात घातला आणि तळहात उघडा केला. त्यावर काचपट्टी होती, लाल तारखेसकट, एकही तडा नसलेली. "ही घ्या. शाबूत आहे," तो म्हणाला. काकांना म्हणाला, पण बघत आमच्याकडे होता. "पिठावर प्लास्टर धरत नाही. मी आज बोट लावलं तर गरकन फिरली. भिंत गेली पुढे, ही नुसती घसरली. चिरेत आज माझा अंगठा जातोय."

काकांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, मागची बाजू पाहिली. मग आमच्याकडे वळले. "तुम्ही लावली?"

"मी," बहीण म्हणाली.

काकांनी पट्टी मुठीत धरली. त्या क्षणी त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. आमच्याही लक्षात आलं. चाक फिरत होतं. गवंड्यानं काकूंना आधी बाहेर काढलं होतं, जात्यांच्या नादी लागला नव्हता. पाणी अजून पूर्ण वाहत होतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर अंगणातली माती पायांखाली हलकी थरथरत होती.

"फळी पाडायला हवी," काका म्हणाले. पाणी अडवायची फळी वर-खाली करायचं लोखंडी चक्र दळायच्या खोलीत होतं, त्याच भिंतीच्या पायथ्याशी.

"मी जातो," गवंडी म्हणाला.

"तुला नाही जमायची. आडमुठी आहे ती. डावीकडे ओढून धरावी लागते."

"सांगा कशी ते, पण तुम्ही—"

"अरे, सांगण्यासारखी असती तर ह्या बाईंनाही पाठवलं असतं," काका म्हणाले, आणि आत गेले.

काकूंनी त्यांना हाक मारली नाही. खुर्चीचे हात धरून त्या दाराकडे बघत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं, सवय. बारा सोळा. चाक फिरत होतं. बारा सतरा. आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला, गवंडी दारापर्यंत धावला आणि चौकट धरून थांबला. बारा अठरा. बहिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळ दिसेना.

मग चाक मंदावलं. आणखी एक फेरा झाला, अर्धा झाला, आणि ते थांबलं. इतका वेळ कानांत भरलेला आवाज एकदम गेला आणि ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. काका बाहेर आले. उजव्या हाताची सालं निघाली होती. ते काकूंच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले.

"बाटली आणलीस का?" काकूंनी विचारलं. "माझी औषधाची?"

"आता सुचलं हे?"

"मघाशी मागितली होती मी."

गवंडी हसला. मीही हसले असेन. धोका टळला, असं आम्ही पाचही जण तेव्हा धरूनच चाललो होतो. टेकू आणायला कुणाला सांगायचं, दोर किती लागेल, असं गवंडी मोठ्यानं मोजत होता.

बारा वाजून एकतीस मिनिटांनी खिडकीची काच फुटली. कुणी काही फेकल्यासारखी, पण आतून बाहेर. त्यानंतर चाकाकडची भिंत पडली. मी भिंती पडलेल्या पाहिल्या आहेत, पडून गेल्यावर; बातमीसाठी. पडताना पाहिली ती ही एकच. ती कोसळली नाही, आधी ओढ्याकडे झुकली, वाकून काही बघावं तशी, आणि मग कमरेतून मोडली. चाक तिच्याखाली गेलं. आवाज मला नंतर आला असं वाटतं, पण ते शक्य नाही.

धूळ उठली ती पांढरी होती. तीनशे वर्षांचं पीठ तुळयांवर, फटींत, दगडांच्या मागे साठलेलं असणार. ते सगळं वर गेलं आणि आमच्यावर पडत राहिलं. कुणी जागचं हललं नाही. पीठ खाली बसलं तेव्हा वरची खोली उघडी दिसली, एका बाजूनं कापलेल्या खोक्यासारखी. पलंगाचा एक पाय हवेत होता. उशाशी औषधाची बाटली होती, झाकण लावलेली. खुंटीवर लोकरीचं जाकीट होतं. ज्या भिंतीवर फोटोसाठी खिळा ठोकला होता, ती भिंत उरली नव्हती.

काकांनी वर पाहिलं. मग त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. कॅमेरा तिथे लटकत होता. गाडीतून उतरताना मी तो का घेतला ते मला सांगता येणार नाही.

"काढा की," ते म्हणाले. "आता मध्ये काही येत नाही तुमच्या."

मी कॅमेरा काढून जमिनीवर ठेवला.

गवंडी खाली बसला होता आणि स्वतःच्याच डोक्यावर दोन बोटांनी टकटक करत होता. "मी ओल्या फडक्यानं पुसली असती तर," तो म्हणत होता. "दर खेपेला पुसतो. ह्या खेपेला घाई होती. वहिनीला वर न्यायची घाई होती सगळ्यांना."

काकूंनी बहिणीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुमच्या हातात तुटून आली, तेव्हाच का नाही सांगितलंत? एक वाजता चहा घेतलात आमच्याकडे. तेव्हा सांगितलं असतंत तर ह्यानं ओळखलं असतं."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं.

"तिनं विचारलं होतं, सांगू का म्हणून," मी म्हटलं. "मी नको म्हटलं."

"का?"

ह्या प्रश्नाचं लांब उत्तर माझ्याकडे तयार होतं. गाडीत पन्नास मिनिटं मी तेच जुळवत होते. "दिसत नव्हतं म्हणून," मी म्हटलं.

काकूंनी ते ऐकून घेतलं. मग त्या पुन्हा वर पाहायला लागल्या, त्या तीन भिंतींच्या खोलीकडे, आणि त्यांचा हात खुर्चीच्या बाजूला काहीतरी चाचपत राहिला.

"माझी काठी वर राहिली," त्या म्हणाल्या.

काका उठले नाहीत. बहीण पुढे गेली. काकूंच्या पायांशी वाकून तिनं हात पुढे केले आणि तिथेच थांबली, हात लावू का असं विचारत नव्हती, पण लावतही नव्हती. काकूंनी बराच वेळ त्या हातांकडे पाहिलं. शेवटी त्यांनी तिच्या खांद्यावर भार टाकला आणि उभ्या राहिल्या.